कामाच्या जागी भाषा शिकविताना : नव्या स्वतंत्र प्रशिक्षकांसाठी काही सूचना

१. विषयाची व्याप्ती

भाषाविषयात पदव्युत्तर शिक्षण पुरे केलेल्या विद्यार्थ्यांपुढे आज जे व्यवसाय खुले आहेत, त्यांत स्वतंत्र प्रशिक्षकाचा व्यवसाय तुलनेने नवा होय. कारखाना, रुग्णालय, उपाहारगृह, बँक किंवा पर्यटनस्थळ अशा एखाद्या कामाच्या जागी जावयाचे, तेथील माणसांना त्यांच्या कामापुरते बोलणे, वाचणे वा लिहिणे शिकवावयाचे आणि त्याबद्दल ठरलेले मानधन घ्यावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. ह्या प्रशिक्षकाला नेमणुकीचा आदेश नसतो, वेतनश्रेणी नसते आणि ठरवून दिलेला अभ्यासक्रमही नसतो. महाविद्यालयात नव्या अध्यापकाला निदान पाठ्यपुस्तक आणि वेळापत्रक आयते मिळते. येथे दोन्ही स्वतःच तयार करावी लागतात, आणि ती चुकली तर पुढचे काम मिळत नाही.

ह्या व्यवसायात पहिले पाऊल टाकणाऱ्यांस उपयोगी पडतील अशा काही गोष्टी येथे मांडावयाच्या आहेत. विवेचन हवेत राहू नये म्हणून अजिंठा हे एकच ठिकाण उदाहरणादाखल घेतले आहे. छत्रपती संभाजीनगरच्या भोवती चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा येथे मोठ्या औद्योगिक वसाहती आहेत व प्रशिक्षकांना मागणी मुख्यतः तेथूनच येते, हे खरे. परंतु कारखान्याच्या भिंतीआड चालणारे बोलणे अजिंठ्याला उघड्यावर चालते. अभ्यासकाला ते पाहता येते आणि पाहिलेले इतरांना पडताळताही येते.

प्रतिपादन थोडक्यात असे की, प्रशिक्षकाने शिकविण्यापूर्वी कामाची भाषा ऐकली पाहिजे, आणि हे ऐकणे आपल्या कामाचा व म्हणून आपल्या मोबदल्याचाही भाग आहे असे त्याने मानले पाहिजे. बाकीच्या सर्व सूचना ह्या एका गोष्टीतून निघतात.

२. अजिंठ्याचा भाषाव्यवहार

अजिंठ्याची लेणी मराठवाडा आणि खानदेश ह्यांच्या सीमेवरील डोंगररांगेत, वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावर कोरलेली आहेत. १९८३ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. खाजगी वाहने लेण्यांच्या पायथ्यापर्यंत जाऊ दिली जात नाहीत. फर्दापूरच्या तिठ्यावर ती ठेवावयाची आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर अंतर राज्य परिवहनाच्या बसने जावयाचे, अशी व्यवस्था आहे. ह्या चार किलोमीटरांत आणि पुढच्या पायऱ्यांवर किती प्रकारचे बोलणे चालते, हे पाहण्यासारखे आहे.

तिठ्यावरील दुकानदार स्फटिक आणि दगडी वस्तू विकतो. त्याच्या बोलण्याचा गाभा म्हणजे भाव, आणि भाव म्हणजे संख्या. बसचा वाहक दिशा व वेळ सांगतो. तिकिटाच्या खिडकीवरचा कर्मचारी एकच वाक्य दिवसभरात शेकडो वेळा उच्चारतो. डोलीवाल्यांना वयोवृद्ध पाहुण्याला धीर द्यावा लागतो आणि त्याच वेळी आपल्या जोडीदारांना पावलाचा इशाराही द्यावा लागतो. पहारेकऱ्याचे बोलणे बहुतेक निषेधाचे असते. पादत्राणे बाहेर काढावयाची, चित्रांना हात लावावयाचा नाही, चमकणारा दिवा लावून छायाचित्र घ्यावयाचे नाही, आत गर्दी झाली असेल तर थांबावयाचे. ह्या सर्वांहून निराळा मार्गदर्शक. त्याचे बोलणे दीर्घ, सलग आणि कथनपर असते.

मार्गदर्शक स्वतःही बहुधा पगारी नोकर नसतो. पर्यटन खात्याचा परवाना असलेला मार्गदर्शक एकेका गटामागे ठरलेले शुल्क घेतो. म्हणजे येथे एका स्वतंत्र व्यावसायिकाने दुसऱ्या स्वतंत्र व्यावसायिकांना शिकवावयाचे असते. मार्च २०२० मध्ये साथीच्या भयाने देशातील संरक्षित स्मारके बंद झाली, तेव्हा ह्या मंडळींचे उत्पन्न एका दिवसात थांबले. वर्गात समोर बसलेल्या माणसाचा एक दिवस म्हणजे किती, ह्याचा अंदाज प्रशिक्षकाला येथून यावा.

ही माणसे भाषादृष्ट्या दरिद्री असतात, असा समज असेल तर तो आधी सोडला पाहिजे. ह्या भागातला माणूस घरी मराठवाडी किंवा खानदेशी वळणाची मराठी बोलतो, तांड्यावरचा असेल तर गोरमाटी बोलतो. बाजारात त्याला दखनी कळते, शाळेत प्रमाण मराठी शिकलेली असते, पाहुण्यांशी हिंदी चालते आणि इंग्रजीचे पन्नास-शंभर शब्द कामापुरते आलेले असतात. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. कामकाजाच्या मराठीतील ‘हजेरी’, ‘मजुरी’, ‘मुकादम’, ‘कारागीर’, ‘रोजंदारी’ हे फारसी-अरबी वंशाचे शब्द सर्व महाराष्ट्रात चालतात. येथे मात्र त्यांच्यामागे उर्दूतून चाललेल्या कारभाराची जिवंत आठवण आहे. अनेक भाषांतून एक व्यवहार चालविणे ही आपल्याकडे नित्याची गोष्ट आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन ह्यांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावाचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या एकत्र व्यवहार करीत आल्यामुळे तेथील तिन्ही बोलींची वाक्यरचना एकमेकींच्या फार जवळ आली, शब्द मात्र ज्याचे त्याचे राहिले, असे त्यांना आढळले. अशा परंपरेतला शिकाऊ हा कोरी पाटी नव्हे.

३. शिकविण्यापूर्वी ऐकणे

लेणी कशी कोरीत असत, हे समजावयाचे असेल तर पूर्ण झालेल्या लेण्यापेक्षा अपूर्ण लेणे अधिक सांगते. चोविसाव्या क्रमांकाचे लेणे अर्धवट राहिले आहे. खडक वरून खाली कोरीत येण्याची पद्धत, खांबासाठी राखलेले ओबडधोबड दगड, छिन्नीच्या खुणा हे सर्व तेथे दिसते, ते पहिल्या किंवा सतराव्या लेण्यात झाकले गेले आहे. कामाच्या भाषेचेही तसेच आहे. व्यवस्थापक आपल्या कचेरीत जे सांगतो ते पूर्ण झालेले, घासून गुळगुळीत केलेले वर्णन असते. ‘आमच्या लोकांचे संभाषणकौशल्य कमी पडते’ ह्या वाक्यावरून प्रशिक्षकाला काहीही कळत नाही. बोलणे घडत असते त्या जागी जाऊन उभे राहिल्याशिवाय कोणाशी, कोणत्या क्षणी, कोणता शब्द अडला हे समजावयाचे नाही.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा विचार अपरिचित नाही. मॅलिनॉव्स्कीने १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात ट्रोब्रियँड बेटांवरील कोळ्यांचे उदाहरण दिले होते. मासे धरताना चाललेले त्यांचे बोलणे हे विचारांचे वर्णन नसून त्या कामाचाच एक अवयव आहे, असे त्याने दाखविले. ब्लूमफील्डने १९४२ साली परकीय भाषांच्या अभ्यासासाठी लिहिलेल्या छोट्या मार्गदर्शिकेत भर आहे तो निवेदकापुढे बसून ऐकण्यावर आणि टिपण्यावर. क्षेत्रकार्यात हे आपण मानतो आणि वर्गात शिरताच विसरतो. नव्या प्रशिक्षकाला वर्णनात्मक भाषाविज्ञानाचे जे शिक्षण मिळालेले असते तेच त्याचे खरे भांडवल आहे. बाजारात मिळणाऱ्या संभाषणाच्या पुस्तकांतील पाठ ते नव्हेत, ते कोणालाही विकत घेता येतात.

ऐकण्यासाठी साधारणतः दोन दिवस राखून ठेवावे, एक गर्दीचा आणि एक कमी वर्दळीचा. जवळ एक वही पुरते. ध्वनिमुद्रण करावयाचे असेल तर बोलणाऱ्याची आणि पाहुण्याची, दोघांचीही अनुमती घ्यावी. टिपणात चार गोष्टी असाव्यात. कोण कोणाशी बोलला. त्याला काय साधावयाचे होते. प्रत्यक्ष कोणते शब्द उच्चारले गेले. आणि पुढे काय घडले. चौथी गोष्ट नवे लोक हटकून गाळतात. पहारेकरी अडखळत बोलला तरी पाहुण्याने पादत्राणे काढली असतील, तर ते वाक्य यशस्वी झाले आहे व त्यावर वेळ खर्चण्याचे कारण नाही. उलट अगदी शुद्ध वाक्य बोलूनही पाहुणा रागावून निघून गेला असेल, तर पाठाची जागा ती आहे.

आणखी एक दक्षता. ऐकावयास आलेला प्रशिक्षक हा तपासणीसाठी आलेला माणूस वाटता कामा नये. आपण कोण, कशासाठी आलो आणि वहीत काय लिहितो, हे पहिल्याच भेटीत मुकादमापासून झाडूवाल्यापर्यंत सर्वांना सांगावे, आणि कोणी पाहू म्हटले तर वही त्याच्यापुढे धरावी.

४. पाठाचा घटक : कामाची उक्ती

महाविद्यालयीन सवयीने आपण पाठाची आखणी काळ, वचन, विभक्ती अशी करतो. कामाच्या जागी पाठाचा घटक उक्ती हा असावा. म्हणजे जिच्यामुळे एखादे काम होते अशी बोलण्याची लहानात लहान संपूर्ण खेप. ऐकण्याच्या टिपणांतून अशा वीस-पंचवीस उक्ती निघतात, आणि दोन-तीन दिवसांच्या वर्गाला तेवढ्या पुरतात.

एक उक्ती तपासून पाहू. ‘बूट इथे काढा’ असे पहारेकरी मराठीत म्हणतो, तेव्हा ते आज्ञार्थी वाक्य असूनही उर्मट वाटत नाही. ह्याचे कारण ‘काढ’ आणि ‘काढा’ ह्या दोन रूपांत आहे. ‘-आ’ ह्या प्रत्ययात आदर आधीच भरलेला असतो, आणि अधिक आदर हवा असेल तर ‘काढावेत’, ‘काढाल का’ अशी रूपे हाताशी असतात. हेच वाक्य इंग्रजीत शब्दशः नेले की ‘रिमूव्ह शूज’ एवढेच उरते. इंग्रजी आज्ञार्थाला आदराचा प्रत्यय नाही. बोलणाऱ्याच्या मनात असलेला आदर भाषांतरात गळून पडतो आणि ते त्याला कळतही नाही. ऐकणाऱ्या परदेशी पाहुण्याला तो माणूस उद्धट वाटतो. इंग्रजीत हा आदर निराळ्या शब्दाने आणि आवाजाच्या चढ-उताराने दाखवावा लागतो. म्हणून ‘शूज हिअर, प्लीज’ ही उक्ती, तिच्याबरोबर हाताने दाखविलेली जागा आणि शेवटी किंचित वर गेलेला सूर, एवढा पाठ पुरतो. व्याकरणदृष्ट्या ते पूर्ण वाक्यही नाही, पण काम पूर्ण होते.

सुराची ही बाब किती महत्त्वाची ठरते, ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण गंपर्झ ह्यांनीच १९८२ च्या आपल्या ग्रंथात दिले आहे. ब्रिटनमधील एका मोठ्या विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात भारतीय व पाकिस्तानी स्त्रिया नव्याने कामाला लागल्या होत्या. त्या उद्धट आहेत, अशी वरिष्ठांची आणि जेवणाऱ्यांची तक्रार होती. मांसाचा पदार्थ घेणाऱ्याला रस्सा हवा काय, हे विचारताना इंग्रज वाढपी ‘ग्रेव्ही’ हा शब्द चढत्या सुरात म्हणत. ह्या स्त्रिया तोच शब्द उतरत्या सुरात म्हणत. त्यांच्या बोलण्याच्या रीतीत तो प्रश्नच होता, ऐकणाऱ्याला मात्र ते ‘हा रस्सा, घ्यायचा तर घ्या’ असे कानी पडे. ध्वनिमुद्रित केलेले दोन्ही प्रकार समोरासमोर ऐकविल्यावर स्त्रियांना फरक उमगला, आणि त्या उद्धट नाहीत हे वरिष्ठांनाही उमगले. ह्यातले दुसरे फळ पहिल्याइतकेच मोलाचे होय. वर्गात केवळ कामगारांना बसवून भागत नाही. त्यांच्याविषयी ज्यांनी मत बनविलेले असते, त्यांनाही एखादा तास बसवावे, आणि तशी अट आधीच घालावी.

५. दुरुस्ती कशाची करावी

नव्या प्रशिक्षकाचा हात प्रत्येक चुकीकडे धावतो. त्याला आवर घालण्यासाठी एक साधी कसोटी सांगता येईल. ज्या चुकीने काम अडते, पैशाचे नुकसान होते किंवा खोटी माहिती जाते, तीच दुरुस्त करावी.

खानदेशी वळणाने बोलणारा कोणी ‘डोळा’ ह्या शब्दाचा ‘डोया’ असा उच्चार करील. त्याने कोणतेही काम अडत नाही. तो त्याच्या बोलीचा नियम आहे, दोष नव्हे. तो दुरुस्त करावयास गेल्यास वर्गातला सर्वांत चांगला बोलणारा माणूस गप्प बसेल आणि पुन्हा तोंड उघडणार नाही. ‘स्कूल’चे ‘इस्कूल’ होणेही सहज सोडून द्यावे.

याउलट ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ ह्या जोड्या सोडून चालणार नाहीत. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, त्यामुळे इंग्रजीत जोर पहिल्या अवयवावर आहे की शेवटच्या, ह्याकडे आपले कान जात नाहीत. मार्गदर्शकाने ‘सिक्स्टीन’ऐवजी ‘सिक्स्टी’ म्हटले तर फारसे बिघडत नाही, कारण अजिंठ्याला साठावे लेणेच नाही. पण दुकानदाराच्या भावात आणि वाहकाने सांगितलेल्या बसच्या वेळेत असा आधार नसतो. सव्वापाचची बस पाच-पन्नासला आहे असे समजून बसलेला पाहुणा तिठ्यावर अंधारात पोहोचतो. ह्यावर उपाय म्हणजे जोड्यांचा सराव, आणि आकडा सांगताना तो बोटांनी किंवा कागदावर दाखविण्याची सवय.

तिसरा प्रकार शब्दार्थाचा. अजिंठ्याच्या चित्रांना सर्रास ‘फ्रेस्को’ म्हटले जाते. काटेकोर अर्थाने फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंगविलेले चित्र. अजिंठ्याची चित्रे कोरड्या लेपावर, चिकट द्रव्यात कालविलेल्या रंगांनी काढलेली आहेत. तेव्हा ‘भित्तिचित्र’ आणि इंग्रजीत ‘म्यूरल’ हा शब्द निर्धोक. तसेच ‘केव्ह’ ह्या शब्दाने पाहुण्याच्या मनात निसर्गनिर्मित गुहा उभी राहते. मराठीला ही अडचण नाही. ‘लेणे’ हा शब्द प्राकृत ‘लेण’वरून आला असून नाशिक व जुन्नर येथील प्राचीन कोरीव लेखांत मानवाने खोदलेल्या निवासासाठीच तो येतो. (अलंकार ह्या अर्थाचे ‘लेणे’ अंगावर घालणे ह्या अर्थाच्या क्रियापदापासून निघालेले, म्हणून निराळे.) पहिल्याच वाक्यात ‘ह्या गुहा नव्हेत, माणसांनी खडकात कोरलेली मंदिरे आणि मठ आहेत’ असे सांगण्याचा पाठ मार्गदर्शकाला दिला, तर पुढचे अर्धे गैरसमज टळतात.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. चैत्यगृह व विहार ह्यांतील भेद, सातवाहनकालीन आणि वाकाटककालीन असे खोदकामाचे दोन टप्पे, जातककथा ह्यांविषयी जुन्या मार्गदर्शकाचे ज्ञान भाषेच्या प्रशिक्षकापेक्षा बहुधा अधिक असते. माहितीबद्दल शंका आल्यास पुरातत्त्वाच्या जाणकाराला विचारावे आणि वर्गात तसे सांगावे. प्रशिक्षकाने भाषेपुरते बोलावे. ज्या विषयाचा आपला अभ्यास नाही त्यातही आपण तज्ज्ञ आहोत असे दाखविण्याचा मोह ह्या व्यवसायात फार असतो, कारण मागणारे पुष्कळ काही मागतात.

६. वेळ, जागा आणि रीत

अजिंठ्याची लेणी सोमवारी आणि वेरूळची मंगळवारी बंद असतात. कागदावर पाहता सोमवार हा वर्गासाठी आदर्श दिवस दिसतो. पण तोच दिवस शेतीचा, बाजाराचा आणि घरच्या आजारपणाचाही असतो, आणि काही मार्गदर्शक त्या दिवशी वेरूळला जातात. तेव्हा दिवस कोणता ठेवावा, हे शिकणाऱ्यांनाच विचारावे. हिवाळ्यातल्या हंगामात लांबलचक वर्ग ठेवू नयेत. पावसाळ्याच्या अखेरीस ठेवलेला वर्ग हंगामात उपयोगी पडतो. कारखान्यात हीच बाब पाळ्यांच्या रूपाने येते. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी नऊला बसविले तर त्याला झोप येईल, आणि दोष त्याच्या आवडीला दिला जाईल.

जागा शक्य तो कामाचीच असावी. १८७२ पासून पुढे बारा-तेरा वर्षे जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करीत होते. त्या प्रतिकृतींपैकी पुष्कळ लंडनमध्ये आगीत नष्ट झाल्या. परंतु मूळ चित्रापुढे, तेथल्याच अपुऱ्या उजेडात बसून त्या विद्यार्थ्यांच्या हाताला जे वळण लागले, ते मुंबईच्या वर्गात लागले नसते. लेण्यात आवाज घुमतो, एका गटाचे बोलणे दुसऱ्या गटाच्या कानी पडते. तेव्हा हळू, थांबून, पाहुण्याकडे तोंड करून बोलण्याचा सराव सभागृहात कसा होणार? अर्थात प्रत्यक्ष लेण्यात गर्दीच्या वेळी वर्ग भरविणे योग्य नव्हे. पायऱ्यांवर, झाडाखाली, तिठ्यावर तो भरविता येतो.

रीतीबद्दल मराठीतच दोन चांगले वाक्प्रचार आहेत. काम आले म्हणजे ‘हात बसला’ असे आपण म्हणतो, आणि सवय झाली म्हणजे ‘अंगवळणी पडले’ असे म्हणतो. दोन्हींत शरीर आहे. व्याख्यानाने हात बसत नाही. एका तासात प्रशिक्षकाचे बोलणे पंधरा मिनिटांपेक्षा अधिक होऊ नये, उरलेला वेळ जोडीजोडीने उक्ती म्हणून पाहण्यात जावा. एकाने पाहुणा व्हावे, दुसऱ्याने पहारेकरी, मग अदलाबदल. जुन्या जाणत्या माणसाला पुढे बोलावून ‘तुम्ही हे कसे सांगता?’ असे विचारावे आणि त्याचीच उक्ती फळ्यावर लिहावी. वयाने मोठ्या माणसाला सर्वांदेखत दुरुस्त करू नये. त्याला एकट्याला गाठून सांगितलेले तो आनंदाने घेतो.

७. ठराव आणि मानधन

ह्या विषयावर आपल्या विभागांत बोलले जात नाही. ज्ञानाचा मोबदला ठरविणे कमीपणाचे वाटते, आणि त्याची किंमत विद्यार्थी पुढे मोजतो. म्हणून काही गोष्टी स्पष्ट लिहितो.

काम स्वीकारताना एक पानाचे पत्र दोन्ही बाजूंनी सही करून ठेवावे. त्यात हेतू, शिकणाऱ्यांची संख्या, दिवस व तास, जागा, मानधन, प्रवास व निवासाचा खर्च, रक्कम किती दिवसांत द्यावयाची आणि ऐनवेळी वर्ग रद्द झाल्यास काय, एवढे असावे. मानधनातून करकपात झाली तर तिचा दाखला मागून घ्यावा.

मानधनाचा हिशेब केवळ वर्गाच्या तासांवर करू नये. समजा, अजिंठ्याला दोन दिवसांचा वर्ग घ्यावयाचा आहे. ऐकण्याचे दोन दिवस, उक्ती निवडून पाठ तयार करण्याचे दोन दिवस, वर्गाचे दोन आणि महिन्याभराने पुन्हा येऊन ऐकण्याचा एक, असे सात दिवस होतात. शहरापासून लेणी सुमारे शंभर किलोमीटर आहेत, त्यामुळे येण्या-जाण्याचा वेळही मोठा आहे. जो प्रशिक्षक दोनच दिवसांचे पैसे मागतो त्याला उरलेले पाच दिवस फुकट करावे लागतात. फुकट करणे फार काळ परवडत नाही, मग तो ऐकणे सोडतो आणि सर्वत्र एकच ठोकळेबाज पाठ वाचू लागतो. मानधनाची चूक अशी अध्यापनाची चूक होते. देणाऱ्याने ‘ऐकण्याचे पैसे कसले?’ असे विचारले तर त्याला उपमा द्यावी ती वैद्याची. नाडी न पाहता औषध देणाऱ्याकडे कोणी जात नाही.

शिकणाऱ्यांच्या बुडणाऱ्या मजुरीचा प्रश्नही ह्याच पत्रात यावा. रोजंदारीवरच्या माणसाचा दिवस वर्गात गेला तर तो भरून कोण देणार, हे आधी ठरलेले नसेल तर त्या वर्गाचा खरा खर्च सर्वांत गरीब माणसाने सोसला असे होते.

८. विश्वास आणि नकार

प्रशिक्षकाला पैसे एक जण देतो, शिकतो दुसरा, आणि ज्याच्याशी बोलावयाचे तो पाहुणा तिसराच असतो. ह्या तिघांच्या अपेक्षा जुळतातच असे नाही. वर्ग संपल्यावर देणारा हटकून विचारतो, ‘आमच्यापैकी कोण चांगला, कोण कच्चा?’ ह्या प्रश्नाचे उत्तर देऊ नये, आणि देणार नाही हे पत्रातच लिहून ठेवावे. ऐकण्याच्या वहीतील नावे कोणालाही दाखवू नयेत. ज्याने विश्वासाने आपली चूक आपल्यापुढे केली, त्या चुकीमुळे त्याचे काम गेले, तर तो केवळ त्या माणसाचा घात नव्हे, पुढे त्या ठिकाणी कोणत्याही प्रशिक्षकापुढे कोणी मोकळे बोलणार नाही.

त्याहूनही अवघड प्रसंग निराळा आहे. ऐकताना पुष्कळदा असे दिसते की, दोष भाषेत नाहीच. समजा, लेण्याच्या दारावर एकच पहारेकरी आहे, रांग मोठी आहे, एकाच वेळी त्याला तिकिटे, पादत्राणे आणि छायाचित्रे ह्यांवर नजर ठेवावी लागते. तो तुटक बोलतो. त्याला मृदू बोलण्याचा वर्ग देऊन काय होणार? तेथे दुसरा माणूस हवा, किंवा पाहुण्याला वाचता येईल असा फलक हवा. अशा वेळी प्रशिक्षकाने आपल्या अहवालात ‘येथे भाषाशिक्षणाने सुधारणा होणार नाही’ असे लिहिण्याचे धैर्य दाखविले पाहिजे. व्यवस्थेतील उणीव कामगाराच्या जिभेवर ढकलणे सोपे असते आणि त्यातून प्रशिक्षकाला कामही मिळते. म्हणूनच हा मोह ओळखावयास हवा. भाषेच्या अभ्यासकाला भाषेची शक्ती ठाऊक असते. तिची मर्यादाही त्यानेच सांगावयाची आहे.

९. परिणाम कसा पाहावा

वर्ग संपताच वाटलेल्या कागदावर शिकणारे ‘उत्तम’ असे लिहितात. त्यातून त्यांचा चांगुलपणा कळतो, वर्गाचा परिणाम कळत नाही. परिणाम पाहण्याचा मार्ग एकच : तीन-चार आठवड्यांनी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा उभे राहावे आणि पहिल्या टिपणांशी ताडून पाहावे. वीस उक्तींपैकी किती प्रत्यक्ष कानी पडल्या, कोणत्या कोणी वापरल्याच नाहीत, कोणत्या लोकांनी आपल्या सोयीने बदलून घेतल्या, हे लिहावे. बदलून घेतलेल्या उक्तींकडे विशेष लक्ष द्यावे. पहारेकऱ्याने आपण शिकविलेले वाक्य टाकून त्याहून आखूड आणि अधिक परिणामकारक वाक्य शोधले असेल, तर पुढच्या वर्गात त्याचेच वाक्य शिकवावे. न वापरल्या गेलेल्या उक्ती निमूटपणे पाठांतून काढाव्यात.

अशा टिपणांचा संग्रह जसजसा वाढेल तसतसा त्याचा उपयोग केवळ प्रशिक्षकापुरता राहणार नाही. कामाच्या जागी बोलल्या जाणाऱ्या मराठीचे पद्धतशीर वर्णन आपल्याकडे थोडे आहे. कारखान्यातील, बाजारातील, घाटातील आणि लेण्यांच्या दारातील मराठी अभ्यासकाच्या वहीत यावयाची असेल, तर ती आणू शकेल असा माणूस म्हणजे हा स्वतंत्र प्रशिक्षकच होय, कारण तेथे त्याचे जाणे-येणे असते. व्यक्तींची नावे गाळून, बोलणाऱ्यांच्या अनुमतीने, ही सामग्री विभागांनी जमा करून ठेवावी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य म्हणून वर्षातून एखादा आठवडा अशा ठिकाणी ऐकावयास पाठविता येईल, आणि हे ऐकणे शिकलेला विद्यार्थी व्यवसायात उतरेल तेव्हा त्याला पहिला वर्ग कसा घ्यावा असा प्रश्न पडणार नाही.